समतोल कुठे आहे ते मोजणीने कळते. तिथे पोचणे कशाने ठरते?

मोजपट्टी

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला सांख्यिकीय यामिकी शिकवताना दरवर्षी एक जागा अशी येते, की पुस्तकातले उत्तर मी फळ्यावर लिहितो खरे, पण ते लिहून माझेच समाधान होत नाही. उष्णतारोधक पेटीच्या डाव्या अर्ध्या भागात एक मोल आदर्श वायू आहे, उजवा अर्धा भाग निर्वात आहे, आणि मधला पडदा काढून घेतला. वायू पेटीभर पसरतो, तापमान तेच राहते आणि एन्ट्रॉपी (रेणूंच्या किती मांडण्या शक्य आहेत याचे माप) ५.७६ ज्यूल प्रति केल्व्हिन इतकी वाढते. का वाढते, तर प्रत्येक रेणूला आता दुप्पट जागा मिळाली. म्हणून रेणूंची संख्या एन असेल तर सूक्ष्मावस्थांची, म्हणजे सगळ्या रेणूंच्या जागा आणि वेग यांच्या शक्य मांडण्यांची, संख्या २ च्या एन-व्या घाताइतक्या पटींनी वाढली, आणि सगळे रेणू पुन्हा डावीकडे सापडण्याची संभाव्यता त्याच पटीत कमी झाली.

माझी अडचण अशी की ही मोजणी फक्त समतोल कुठे आहे एवढेच सांगते. व्यवस्था तिथे जाईलच असे ती सांगत नाही, आणि किती वेळात जाईल याबद्दल तर ती अवाक्षर काढत नाही, कारण त्या सगळ्या गणितात गतीचे समीकरण कुठेच आलेले नाही. शिवाय न्यूटनची समीकरणे काळ उलटा केला तरी तशीच राहतात. पसरलेल्या वायूतील झाडून सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी उलटे केले, तर तोच वायू त्याच नियमांनी निमूटपणे डाव्या भागात परत जाईल. लोश्मिट यांनी हा आक्षेप १८७६ साली घेतला होता. वायू समतोलाकडेच जातो हे टकरींच्या हिशेबाने दाखवणाऱ्या बोल्ट्झमन यांच्या एच-प्रमेयाने त्याचा निकाल लागतो असे काही पुस्तके म्हणतात, ते मला पटत नाही.

जाणकारांनी सविस्तर लिहावे. मात्र खोली आवरली नाही तर पसारा कसा वाढतो, या जातीची उदाहरणे कृपया टाळावीत. ती ऐकून विद्यार्थी वर्गात हसतात आणि परीक्षेत तेवढीच लिहितात.

टक्करवीर

एच-प्रमेयाने प्रश्न सुटत नाही हे मान्य, पण प्रश्न नेमका कुठे दडून बसला आहे ते त्यामुळेच दिसते.

१८७२ च्या निबंधात बोल्ट्झमन यांनी विरल वायूतील रेणूंच्या वेगांचे वितरण काळानुसार कसे बदलते याचे समीकरण मांडले, आणि त्यावरून एच नावाची राशी कधीही वाढू शकत नाही, वितरण मॅक्सवेल यांनी सांगितलेल्या समतोलाच्या रूपाला आले की ती थांबते, असे सिद्ध केले. समीकरण मांडताना टकरींची संख्या मोजावी लागते. तिथे त्यांनी असे धरले, की जे दोन रेणू एकमेकांवर आदळणार आहेत त्यांच्या वेगांचा एकमेकांशी काही संबंध नाही. यातले 'आदळणार आहेत' हे फार महत्त्वाचे आहे. आदळून दूर गेलेल्या रेणूंचे वेग एकमेकांशी जोडलेले असतातच, कारण टकरीनेच ते जोडलेले असतात. म्हणजे टकरीपूर्वी संबंध नाही आणि टकरीनंतर आहे, हा भूत आणि भविष्य यांतला भेद गृहीतकातच आधी घातलेला आहे. तो निष्कर्षातून बाहेर पडला यात नवल नाही. लोश्मिट यांच्या म्हणण्याप्रमाणे वेग उलटे केले, की टकरीनंतरचे संबंध टकरीपूर्वी येतात, गृहीतक कोसळते आणि एच वाढू लागते.

गंमत अशी, की आपल्याला अपुरा वाटणारा मोजणीचा युक्तिवाद मुळात या आक्षेपाला उत्तर देतानाच जन्माला आला. बोल्ट्झमन यांनी १८७७ साली सूक्ष्मावस्था मोजायला सुरुवात केली. व्हिएन्नातल्या त्यांच्या थडग्यावर कोरलेले, एन्ट्रॉपी आणि सूक्ष्मावस्थांची संख्या यांना जोडणारे सूत्र त्याच विचाराचे आहे, जरी ते त्या रूपात पुढे प्लांक यांनी लिहिले.

रात्रपाळी

लोश्मिट यांचा आक्षेप ऐकून बोल्ट्झमन म्हणाले म्हणे, 'मग करा बरं उलटे.' पुढे १८९६ साली त्सेर्मेलो यांनी प्वांकारे यांच्या प्रमेयाचा आधार घेऊन सांगितले, की बंदिस्त व्यवस्था पुरेशा काळाने आपल्या मूळ अवस्थेच्या हव्या तितक्या जवळ परत येतेच, तेव्हा एन्ट्रॉपी कायम वाढत राहणे शक्य नाही. त्यावर उत्तर मिळाले, 'तेवढे जगा म्हणजे झाले.' दोन्ही गोष्टी सांगीवांगीच्या आहेत, पण वर्गात सांगायला बऱ्या.

रसायनवाला

मूळ प्रश्नात 'किती वेळात' हे जे विचारले आहे, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. एकाच वायूत समतोलाकडे जाण्याचे निदान दोन वेगवेगळे काळ असतात आणि पुस्तके त्यांची सरमिसळ करतात.

आपल्या खोलीतील हवेत एक रेणू साधारण ७० नॅनोमीटर गेला की दुसऱ्यावर आदळतो, आणि त्याचा वेग सेकंदाला चारशे-पाचशे मीटर असतो. म्हणजे दोन टकरींमधला काळ सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी झाला. एखाद्या छोट्या जागेतील वेगांचे वितरण बिघडवले, तर अशा मोजक्या टकरींमध्ये ते पूर्ववत होते. एच-प्रमेयाचा खरा जीव या टप्प्यात आहे.

आता घनतेचे बघा. बंद खोलीच्या कोपऱ्यात उदबत्ती लावली आणि हवा पूर्ण निश्चल आहे असे धरले, तर सुगंधी रेणू केवळ विसरणाने पसरतील. हवेत अशा रेणूंचा विसरण गुणांक सेकंदाला ०.१ चौरस सेंटिमीटरच्या घरात असतो. अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांक असा ढोबळ हिशेब तीन मीटरसाठी केला, तर नऊ लाख सेकंद, म्हणजे दहा दिवस येतात. प्रत्यक्षात वास एक-दोन मिनिटांत पोचतो, कारण हवा हलत असते आणि उदबत्तीची उष्णता स्वतःच प्रवाह निर्माण करते. विसरणाचे उदाहरण म्हणून अत्तर किंवा उदबत्ती देणारे प्रत्येक पाठ्यपुस्तक वास्तविक वाऱ्याचे उदाहरण देत असते. समतोल एकच, पण एक काळ अब्जांश सेकंदाचा आणि दुसरा दहा दिवसांचा. सूक्ष्मावस्थांची मोजणी या दोहोंत काडीचाही फरक दाखवत नाही.

मोजपट्टी

@रसायनवाला, दहा दिवसांचा हिशेब उद्याच फळ्यावर जाणार. @टक्करवीर, गृहीतकात भेद घातला हे कळले, पण मग पुढचा प्रश्न असा, की ते गृहीतक प्रत्यक्ष वायूत इतके चांगले का चालते? उलट्या काळात ते चालत नाही आणि सुलट्या काळात चालते, याला काही कारण असेलच ना?

पाऊलखूण

याचे सर्वांत सोपे उत्तर पाउल आणि तात्याना एरेनफेस्ट यांनी १९०७ साली मांडलेल्या नमुन्यात सापडते. दोन कुत्री आहेत आणि त्यांच्यावर मिळून शंभर पिसवा आहेत. दर पावलाला शंभरांतील एक पिसू चिठ्ठी टाकून निवडायची आणि तिला दुसऱ्या कुत्र्यावर उडी मारायला लावायची. सुरुवातीला शंभरही पिसवा डाव्या कुत्र्यावर आहेत.

सरासरीने पाहता डावीकडची संख्या पन्नासापेक्षा जितकी जास्त आहे तो फरक दर पावलाला दोन टक्क्यांनी घटतो. पन्नास पावलांनंतर डावीकडे सरासरी ६८ पिसवा उरतात, दोनशे पावलांनंतर ५१ च्या खाली. त्यानंतर संख्या पन्नासाच्या दोन्ही बाजूंना साधारण पाचाने हलत राहते. म्हणजे समतोलाकडे जाणेही दिसते, वेगही मिळतो आणि समतोलातले चढउतारही मिळतात. शंभरही पिसवा पुन्हा डावीकडे यायला सरासरी २ चा १०० वा घात इतकी पावले लागतात. सेकंदाला एक अब्ज पावले टाकली, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे २,९०० पट काळ झाला. त्सेर्मेलो यांना मिळालेले ते उत्तर सांगीवांगीचे असेल, पण हिशेबाने बरोबर आहे.

खरी मेख पुढे आहे. हा खेळ संगणकावर कोट्यवधी पावले चालू द्या आणि डावीकडे नेमक्या ७० पिसवा असल्याचे जे जे क्षण असतील ते वेचून काढा. एक कोटी पावलांत असे क्षण सरासरी २३० येतील. त्यांपैकी ७० टक्के वेळा पुढच्या पावलाला ६९ पिसवा असतात, हे उघड आहे, कारण शंभरांतील सत्तर पिसवा तिथेच बसल्या आहेत. पण मागच्या पावलालाही ७० टक्के वेळा ६९ च असतात! ४९ टक्के वेळा सत्तर हे शिखर असते, २१ टक्के वेळा चढण, २१ टक्के वेळा उतार, आणि उरलेल्या ९ टक्क्यांत खळगा. म्हणजे 'एन्ट्रॉपी कमी असेल तर ती बहुधा वाढेल' हे विधान भविष्याला जितके लागू आहे तितकेच भूतकाळालाही लागू आहे. नमुन्यात काळाला दिशा नाही. आपल्याला दिशा दिसली, कारण आपण शंभरही पिसवा डावीकडे ठेवून खेळ सुरू केला.

सोमवारकर

आमच्या गल्लीतील कुत्र्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केल्यावर पिसवांची एकूण संख्या स्थिर राहते हे गृहीतक मला मान्य करता येत नाही.

चिकित्सक

@पाऊलखूण, उदाहरण सुंदर आहे, पण त्यात चिठ्ठी टाकली आहे. चिठ्ठी टाकली की समतोल मिळणारच. यादृच्छिकता आपणच वरून आणून ओतली. मूळ प्रश्न यामिकीचा आहे, जिथे पुढचे पाऊल आधीच्या अवस्थेने काटेकोरपणे ठरलेले असते. तिथे ही पिसवांची गोष्ट काय सिद्ध करते?

वर्तुळाकार

चिकित्सक यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्यासाठीच मार्क काट्स यांनी १९५० च्या दशकात एक नमुना दिला, ज्यात चिठ्ठी अजिबात नाही.

एका वर्तुळावर १,००० घरे आहेत आणि प्रत्येक घरात एक चेंडू आहे, पांढरा किंवा काळा. त्यांपैकी १०० घरांवर खुणा केल्या आहेत. त्या एकदा केल्या की कायम. दर पावलाला सगळे चेंडू एकदम एक घर पुढे सरकतात आणि खूण असलेल्या घरातून निघणारा चेंडू रंग बदलतो. बस, एवढाच नियम. तो पूर्णपणे निश्चित आहे, आणि उलट दिशेने फिरवला तर झालेले सगळे पुसले जाते. म्हणजे न्यूटनच्या समीकरणांत आपल्याला खटकणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे आहेत.

सुरुवातीला सगळे चेंडू पांढरे ठेवा. आता बोल्ट्झमन यांच्या पद्धतीने हिशेब करायचा, तर असे धरायचे की खुणांच्या घरांत बसलेल्या चेंडूंमध्ये पांढऱ्यांचे प्रमाण एकंदर प्रमाणाइतकेच आहे. हेच ते 'टकरीपूर्वी संबंध नाही' गृहीतक. मग पांढरे आणि काळे यांतील फरक दर पावलाला ०.८ ने गुणला जातो. दहा पावलांनंतर पांढरे साधारण ५५४, वीस पावलांनंतर ५०६. खुणा विखरून केल्या असतील तर प्रत्यक्षात फिरवूनही याच्या आगेमागेच आकडे येतात. छान समतोल दिसतो.

पण २,००० पावले होऊ द्या. प्रत्येक चेंडूने वर्तुळाला दोन फेऱ्या मारल्या, प्रत्येक खूण दोनदा ओलांडली, म्हणून प्रत्येकाचा रंग मूळ झाला. हजारही चेंडू पांढरे! बोल्ट्झमन-पद्धतीच्या सूत्रात या परतीचा मागमूस नाही. तरीही ते सूत्र खोटे ठरत नाही, कारण पावलांची संख्या घरांच्या संख्येपेक्षा बरीच कमी असेतोवर, खुणांच्या बहुसंख्य मांडण्यांसाठी ते जवळपास बरोबर असते. 'बहुसंख्य मांडण्या' आणि 'कमी काळ' या दोन अटी आहेत, आणि पहिली अट ऐच्छिक नाही. खुणा नेमक्या दर दहाव्या घरावर करा. मग कोणताही चेंडू दहा पावलांत नेमकी एकच खूण ओलांडतो. दहाव्या पावलाला हजारही चेंडू काळे, विसाव्याला हजारही पांढरे, आणि असे अनंत काळ चालू राहील. सूक्ष्मावस्थांची मोजणी दोन्ही मांडण्यांत तीच आहे. एक मांडणी समतोलाकडे जाते, दुसरी जात नाही.

टक्करवीर

अगदी हेच. मोजपट्टी यांनी विचारले होते की गृहीतक का चालते; तर ते चालते कारण न चालण्यासाठी सुरुवातीची अवस्था फार नेमकी रचावी लागते. वेग उलटे केलेला वायू ही तशीच एक रचलेली अवस्था आहे.

गणकयंत्र

'रचलेली अवस्था' हे उत्तर मला थोडे घाईचे वाटते, कारण एक प्रसिद्ध उदाहरण असे आहे की त्यात कोणी काही कपटाने रचले नव्हते.

१९५३ च्या सुमारास लॉस अलामॉसमध्ये मॅनियाक संगणकावर फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी दोन्ही टोके बांधलेली, स्प्रिंगांनी जोडलेल्या वस्तुमानांची एक साखळी तपासायला घेतली. स्प्रिंग बहुतांशी साध्या, पण त्यांत थोडा अरेषीय (ताणाच्या सरळ प्रमाणात नसलेला) भाग घातलेला. सगळी ऊर्जा सर्वांत लांब तरंगलांबीच्या पहिल्या कंपनप्रकारात भरायची आणि अरेषीय भागामुळे ती हळूहळू सर्व कंपनप्रकारांत सारखी वाटली जाते का ते पाहायचे. ती वाटली जाईल याबद्दल कोणाला फारशी शंका नव्हती. कुतूहल होते ते वेगाचे. प्रत्यक्षात ऊर्जा पहिल्या काही मोजक्या कंपनप्रकारांत फिरत राहिली आणि बऱ्याच काळाने जवळपास सगळी पहिल्या प्रकारात परत आली. ३२ वस्तुमानांच्या साखळीत तूट साधारण तीन टक्क्यांची. फर्मी १९५४ च्या नोव्हेंबरात वारले. अहवाल १९५५ मध्ये निघाला. संगणकाची सगळी आज्ञावली मेरी त्सिंगो यांनी लिहिली होती. अहवालात त्यांच्या वाट्याला तळटीपेतील आभार आले, म्हणून आता अनेक जण या समस्येला चौघांचे नाव देतात, आणि ते योग्यच आहे.

पुढे १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी दाखवले, की ही साखळी लांब तरंगांच्या मर्यादेत सॉलिटॉन असलेल्या समीकरणासारखी वागते. हे तरंग एकमेकांतून आरपार जातात आणि आकार टिकवून ठेवतात. ऊर्जा बरीच वाढवली किंवा फार काळ थांबले, तर समतोल येतो हेही नंतर दिसले. पण मोजणीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. या साखळीत समतोलाच्या बाजूच्या सूक्ष्मावस्था प्रचंड बहुमतात होत्या, आणि तरी ती तिकडे फिरकली नाही.

चिकित्सक

मग अर्गोडिक गृहीतक घेतले की झाले ना? व्यवस्था समान ऊर्जेच्या सर्व अवस्थांना यथावकाश भेट देते असे मानले, की काळाची सरासरी आणि अवस्थांची सरासरी एक होते. साखळी अर्गोडिक नव्हती, वायू आहे. प्रश्न संपला.

टक्करवीर

@चिकित्सक, नाही संपत. 'यथावकाश' म्हणजे किती, हाच तर धाग्याचा विषय आहे. लिटरभर वायूला सगळ्या अवस्थांच्या जवळून फिरून यायला जो काळ लागेल, तो त्सेर्मेलो यांच्या पुनरावृत्तीच्या काळाच्या तोलाचा असेल, आणि वायू तर डोळ्यांदेखत पसरतो. त्याला सगळीकडे फिरावेच लागत नाही. समान ऊर्जेच्या अवस्थांपैकी जवळपास सगळ्याच अवस्था दाब आणि घनता यांच्या दृष्टीने एकसारख्या दिसतात, म्हणून थोडे भटकले तरी पुरते. अर्गोडिकता हवी त्याहून जास्त मागते आणि जे विचारले त्याचे उत्तर देत नाही.

चिकित्सक

ठीक, पण 'एकसारख्या दिसतात' म्हणजे कोणाला दिसतात? इथेच मला खटकते. सगळ्या शक्य अवस्थांच्या संभाव्यतांवरून काढलेली गिब्ज यांची एन्ट्रॉपी घेतली, तर लियुव्हिल यांच्या प्रमेयानुसार ती कणभरही बदलत नाही, कारण फेज स्पेसमध्ये (सगळ्या रेणूंच्या जागा आणि वेग मिळून होणाऱ्या अवकाशात) संभाव्यतेचा ढग आकार बदलतो पण त्याचे घनफळ बदलत नाही. ती वाढवायची तर आधी फेज स्पेसचे ढोबळ कप्पे पाडावे लागतात. गिब्ज यांनी १९०२ च्या ग्रंथात द्रवात रंग ढवळण्याचे उदाहरण दिले आहे: रंगाचे धागे कितीही बारीक झाले तरी ते धागेच असतात, आपल्याला ते वेगळे दिसेनासे होतात म्हणून आपण 'मिसळले' म्हणतो. मग एन्ट्रॉपी वाढते की आपली नजर कमी पडते?

रेझोनन्स

@चिकित्सक, या प्रश्नाला प्रयोगशाळेतले उत्तर आहे, आणि @रात्रपाळी यांच्या 'करा बरं उलटे' लाही ते लागू पडते, कारण एका मर्यादित अर्थाने ते उलटे करून झाले आहे.

एर्विन हान यांनी १९५० मध्ये स्पिन एको प्रसिद्ध केला. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे स्पिन (प्रत्येक केंद्र जणू फिरता छोटा चुंबक) एका रेडिओ स्पंदाने एका रांगेत आणले, की ते सगळे मिळून संदेश देतात. क्षेत्र सर्वत्र तंतोतंत सारखे नसल्यामुळे काही केंद्रे किंचित जलद फिरतात, काही किंचित मंद. थोड्याच वेळात त्यांची दिशा विखुरते आणि संदेश मावळतो. उपकरणाच्या दृष्टीने हा समतोलच. आता ठरावीक काळानंतर दुसरा स्पंद द्या, तो जणू पुढे गेलेल्यांना मागे आणि मागे पडलेल्यांना पुढे ठेवतो. तेवढाच काळ आणखी लोटला की सगळे पुन्हा एका रांगेत येतात आणि मावळलेला संदेश आपोआप उमटतो. म्हणजे रंगाचे धागे खरोखरच तिथे होते आणि ते उलगडताही आले.

पण एवढ्यावर थांबू नये. दोन स्पंदांमधले अंतर वाढवत नेले, तर प्रतिध्वनी क्षीण होत जातो आणि एका मर्यादेनंतर मिळतच नाही, कारण केंद्रांचा शेजाऱ्यांशी जो परस्परसंबंध येतो तो त्या स्पंदाने उलटत नाही. रुग्णालयातील एमआरआयमध्ये ऊतींमधला फरक दाखवायला हे क्षीण होण्याचे प्रमाणच वापरले जाते. तेव्हा एकाच नमुन्यात परत आणता येणारे विखुरणे आणि परत न आणता येणारे विखुरणे ही दोन्ही शेजारी शेजारी मोजता येतात. यात आपल्या नजरेचा दोष किती आणि गतीचा किती, हे वेगळे काढता येते असे मला वाटते.

चिकित्सक

उत्तम उदाहरण आहे, पण शेजाऱ्यांचे परस्परसंबंध उलटवणारा स्पंद कोणी शोधला, तर तुमची दुसरी राशीही पहिल्यात जमा होईल. माझे म्हणणे कायम आहे.

शीतगृह

मी द्रवरूप वायूंच्या धंद्यात आहे, भौतिकशास्त्राचा पदवीधर असलो तरी तत्त्वचर्चेत पडत नाही. पण 'मोजणीला काळ कळत नाही' याचा फटका आमच्या क्षेत्राला खऱ्या अर्थाने बसलेला आहे.

हायड्रोजनच्या रेणूतील दोन प्रोटॉनांचे स्पिन समांतर असले की ऑर्थो आणि विरुद्ध असले की पॅरा. साध्या तापमानाला मिश्रणात तीन भाग ऑर्थो आणि एक भाग पॅरा असतो. हायड्रोजन २० केल्व्हिनला द्रवरूप होतो. त्या तापमानाला समतोल विचाराल तर जवळपास सगळाच पॅरा हवा. पण नुसत्या टकरींनी प्रोटॉनाचा स्पिन सहजी उलटत नाही, म्हणून द्रव झालेला हायड्रोजन जुनेच तीनास एक प्रमाण घेऊन टाकीत बसतो आणि मग दिवसेंदिवस हळूहळू पॅरा होत राहतो. या रूपांतरात उष्णता बाहेर पडते, आणि एकूण उष्णता त्याच वजनाच्या द्रवाचे बाष्पीभवन करायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते. टाकीचे आवरण कितीही चांगले असो, आतला माल स्वतःच स्वतःला उकळवतो. म्हणून द्रवीकरणाच्या वेळीच आयर्न ऑक्साइडसारख्या चुंबकीय उत्प्रेरकावरून वायू नेतात आणि समतोल आधीच उरकून घेतात.

रसायनवाला

@शीतगृह, याला जोडून सांगण्यासारखे असे, की हायड्रोजनची विशिष्ट उष्णता थंड तापमानाला सिद्धांताशी जुळत नव्हती तेव्हा डेनिसन यांनी १९२७ मध्ये हेच सुचवले: प्रयोगाच्या वेळेत ऑर्थो आणि पॅरा एकमेकांत बदलतच नाहीत, तेव्हा त्यांना तीनास एक प्रमाणातले दोन स्वतंत्र वायू समजून हिशेब करा. केला, आणि जुळला. म्हणजे कोणत्या सूक्ष्मावस्था मोजायच्या हेसुद्धा वेळेनेच ठरले.

मोजपट्टी

हे माझ्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे आहे. मी समजत होतो की मोजणी गतीपासून अलिप्त आहे आणि गती नंतर जोडावी लागते. डेनिसन यांच्या उदाहरणात तर काय मोजायचे हेच गतीला विचारावे लागते: दिलेल्या काळात कोणती दारे उघडी आहेत आणि कोणती बंद.

आता सुरुवातीच्या अवस्थेबद्दल कोणी लिहील का? पाऊलखूण यांच्या सत्तर पिसवांनी माझी झोप उडवली आहे. पेटीतील वायू डावीकडे होता, कारण मी पडदा घातला होता. पण मी, पडदा आणि पेटी हे सगळे कमी एन्ट्रॉपीतून आले, ते कुठून?

पाऊलखूण

मागे मागे जात राहिले की उत्तर विश्वाच्या सुरुवातीपाशी पोचते, आणि त्याला सध्या तरी टाळता येत नाही. बोल्ट्झमन यांनी १८९० च्या दशकात एक पर्याय सुचवला होता, की एकंदर विश्व समतोलात असावे आणि आपण त्यातील एका विरळ चढउतारात राहत असू. पण सत्तर पिसवांचा हिशेब त्याच्याविरुद्ध जातो. एवढ्या मोठ्या चढउतारापेक्षा लहान चढउतार कितीतरी जास्त संभाव्य असतात, मग आपल्याला फक्त एका सूर्यमालेपुरता उतार दिसायला हवा होता, आणि दिसतात ते कोट्यवधी दीर्घिका, सगळ्या समतोलापासून दूर. त्यामुळे आज बहुतेक जण विश्वाची सुरुवातच कमी एन्ट्रॉपीत झाली हे एक वेगळे विधान म्हणून स्वीकारतात. ते गतीच्या नियमांतून निघत नाही. काहींना हे पदरात पडले आणि पवित्र झाले असे वाटते, मला मात्र त्यात गैर काही दिसत नाही; सुरुवातीच्या अटी कोणत्याही समीकरणाला वेगळ्याच द्याव्या लागतात.

रात्रपाळी

एवढे सगळे झाल्यावर, न्यूटनपासून बोल्ट्झमन यांच्या समीकरणापर्यंत गणिती दृष्ट्या चोख रस्ता कोणी बांधला आहे का, की अजून सगळे 'बहुधा'वरच चालले आहे?

टक्करवीर

बांधला आहे, पण तुकड्यातुकड्याने. १९७५ साली लॅनफर्ड यांनी सिद्ध केले, की कठीण गोळ्यांचा अत्यंत विरल वायू घेतला आणि सुरुवातीला गोळ्यांमध्ये संबंध नसतील, तर सुरुवातीच्या जवळजवळ सर्व अवस्थांसाठी बोल्ट्झमन यांचे समीकरण न्यूटनच्या नियमांतूनच निघते. अडचण एवढीच, की हा निष्कर्ष दोन टकरींमधल्या सरासरी काळाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यापुरताच सिद्ध झाला होता. रसायनवाला यांच्या आकड्यांनी पाहिले, तर हवेत हा काळ उदबत्ती पेटवायचा विचार मनात येण्याइतकासुद्धा नाही. पण तेवढ्या वेळातही एच लक्षणीय घटते, म्हणून तत्त्वाच्या दृष्टीने तो निकाल मोठा होता. यू डेंग, झाहेर हानी आणि शियाओ मा यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या कामात ही काळाची मर्यादा ओलांडली आहे. बोल्ट्झमन यांच्या समीकरणाचे उत्तर जोवर व्यवस्थित टिकते तोवर निष्कर्ष टिकतो, असा त्यांचा दावा आहे. सिद्धता फार लांब आहे आणि ती मी पूर्ण वाचलेली नाही, तेव्हा तपशील विचारू नयेत.

त्यात 'जवळजवळ सर्व अवस्था' हे शब्द अजूनही आहेतच, आणि ते राहणारच. वेग उलटे केलेला वायू त्या 'जवळजवळ'मधून बाहेर पडतो.

मोजपट्टी

सर्वांचे आभार. पुढच्या सत्रात पडदा आणि पेटी एका तासात उरकून मी काट्स यांचे वर्तुळ घेणार आहे. विद्यार्थ्यांनी ते संगणकावर दोनदा चालवायचे, एकदा खुणा विखरून आणि एकदा दर दहाव्या घरावर, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर आणायचे. त्यानंतर शीतगृह यांची टाकी. मोजणीचा युक्तिवाद तिसऱ्या तासाला, जेव्हा त्याच्याकडून काय मागायचे हे त्यांना कळलेले असेल.

वर्तुळाकार

एक सूचना. शंभर खुणा घेतल्यात, तर १,००० पावलांनंतरच सगळे चेंडू पांढरे होतील, कारण एका फेरीत प्रत्येकजण सम संख्येने रंग बदलतो. दोन फेऱ्यांची गरज पडत नाही. विखरून केलेल्या खुणा १०१ ठेवा. मग हजाराव्या पावलाला सगळे काळे आणि दोन हजाराव्याला सगळे पांढरे होतील, आणि पहिल्या बाकावरचा कोणीतरी विचारेल की समतोलातून निघालेली एन्ट्रॉपी दोन्ही वेळा तळाला जाऊन आली, तर यातली कोणती पुनरावृत्ती आणि कोणती नाही. तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा.

सोमवारकर

आणि पहिल्या बाकावर कोणी नसेल, तर तो माझ्या नावावर विचारावा. पिसवांचे मात्र मी अजून मान्य केलेले नाही.